बोर्डो मिश्रणाचा जनक आणि मातीत उरलेले तांबे

नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या द्राक्ष बागायतदाराला ‘बोर्डो’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी हे प्रमाण त्याला तोंडपाठ असते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याच्या तोंडावर पोफळीच्या बागांतही हेच निळसर पाणी कोळे रोगावर फवारले जाते. मात्र बोर्डो हे फ्रान्समधल्या एका शहराचे नाव आहे आणि हे मिश्रण जगाला दिले ते त्या शहरातल्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकाने, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्या प्राध्यापकाचे नाव पिएर-मारी-अलेक्सिस मिलार्दे.

मिलार्दे यांच्या कामाची आठवण काढण्याचे कारण केवळ द्राक्षापुरते नाही. पिकावर बुरशीनाशक मारल्यानंतर त्याचा किती अंश खाणाऱ्याच्या पोटात जातो, हा प्रश्न आज प्रत्येक घरात विचारला जातो. तो प्रश्न मिलार्दे यांनी सुमारे १४० वर्षांपूर्वी स्वतःच्याच औषधाबद्दल विचारला आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेत मोजून दिले. त्या उत्तराचा एक भाग मात्र त्यांच्या हयातीत मोजायचा राहून गेला. तो भाग मातीचा होता.

वैद्यकाकडून वनस्पतींकडे

मिलार्दे यांचा जन्म १३ डिसेंबर १८३८ रोजी पूर्व फ्रान्समधील जुरा प्रांतातल्या मोंमिरे-ला-व्हिल या छोट्या गावात झाला. त्यांनी सुरुवातीला वैद्यकाचे शिक्षण घेतले, पण ओढ वनस्पतिशास्त्राकडे होती. त्या काळी या विषयाचे माहेरघर जर्मनी होते. मिलार्दे हायडेलबर्ग आणि फ्रायबुर्ग येथे शिकले. फ्रायबुर्गला त्यांना आंतोन डी बारी यांच्यासारखे गुरू लाभले. झाड आजारी पडल्यावर त्यावर बुरशी उगवते, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. डी बारी यांनी तो उलटा करून दाखवला. बुरशी आधी येते आणि तिच्यामुळे झाड आजारी पडते. माणसांच्या रोगांबाबत जंतूंचा सिद्धांत अजून वादात होता, तेव्हा पिकांच्या रोगांबाबत हे काम झालेले होते. मिलार्दे यांच्या पुढच्या कामाचा पाया हाच आहे. रोगाचे कारण बाहेरून येत असेल, तर त्याला पानाच्या दारातच अडवता येईल, हा विचार त्यातूनच निघतो.

१८६९ मध्ये ते स्ट्रासबुर्ग येथे प्राध्यापक झाले. वर्षभरातच फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले. त्यात फ्रान्सने स्ट्रासबुर्ग गमावले. १८७२ पासून मिलार्दे नान्सी येथे शिकवू लागले आणि १८७६ मध्ये बोर्डो येथे आले. उरलेले सारे आयुष्य त्यांनी तिथेच काढले.

आधी मुळांचा शत्रू

मिलार्दे बोर्डोला आले तेव्हा फ्रान्सचा द्राक्षव्यवसाय मरणपंथाला लागला होता. फायलोक्सेरा नावाची मावा किडीच्या जातकुळीतील एक सूक्ष्म कीड अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर युरोपात शिरली होती. ती मुळांवर जगत असे, म्हणून वरून काही दिसत नसे. वेल वाळू लागल्यावर मूळ उपटून पाहावे, तर ते कुजलेले असे. मोंपेलिए येथील शास्त्रज्ञ जूल प्लांशों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६८ मध्ये ही कीड ओळखली, पण उपाय सापडत नव्हता. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे ८ कोटी ४० लाख हेक्टोलिटर वाइन तयार झाली होती. १८८९ पर्यंत तो आकडा अडीच कोटींच्याही खाली आला. गावेच्या गावे देशोधडीला लागली.

प्लांशों, मिलार्दे आणि आणखी काही जणांनी मांडलेला उपाय साधा होता आणि अनेकांना तो अपमानास्पदही वाटला. कीड अमेरिकेची होती, तेव्हा तिच्याबरोबर हजारो वर्षे राहिलेल्या अमेरिकी रानवेलींच्या मुळांना ती मारू शकत नव्हती. मग मूळ अमेरिकी वेलीचे घ्यायचे आणि त्यावर फ्रेंच वेलीचे कलम करायचे. मिलार्दे यांनी वेगवेगळ्या अमेरिकी जातींची मुळे तपासून कोणती किती टिकाव धरते, याची नोंद केली. शार्ल द ग्रासे या जमीनदाराच्या साथीने त्यांनी जातींचे संकर करून नवे खुंट तयार केले. ४१ ब, १०१-१४ आणि ४२० अ हे त्यांचे खुंट आजही जगातल्या अनेक देशांत लावले जातात. आपल्याकडे डॉगरिज किंवा ११० आर खुंटावर द्राक्षाचे कलम केले जाते, त्यामागचा विचारही तोच आहे.

पण एका उपायाने दुसरे संकट घरात आणले. खुंटांसाठी अमेरिकेतून वेली येऊ लागल्या आणि त्यांच्याबरोबर एक नवी बुरशीही आली. १८७८ मध्ये ती नैऋत्य फ्रान्समध्ये दिसू लागली. इंग्रजीत तिला डाऊनी मिल्ड्यू म्हणतात. आपले बागायतदार तिला केवडा म्हणतात. पानावर तेलकट पिवळे डाग पडतात, खालच्या बाजूला पांढरी लव उठते आणि पाने ऐन मोसमात गळून पडतात. पानेच नाहीत म्हटल्यावर घडात साखर भरत नाही. त्याआधी आलेल्या भुरी रोगाला गंधकाची भुकटी चालत असे. केवड्यावर गंधकाचा काही उपयोग होईना.

रस्त्याकडेची हिरवी पाने

१८८२ च्या ऑक्टोबर महिन्यात मिलार्दे बोर्डोजवळच्या मेदोक भागात, सँ-जुलिएँ येथील द्राक्षबागांमधून चालले होते. केवड्याने त्या वर्षी थैमान घातले होते. बागा उघड्याबोडक्या झाल्या होत्या. पण रस्त्याच्या कडेच्या काही ओळींवर पाने अजून शाबूत होती. मिलार्दे यांनी जवळ जाऊन पाहिले, तेव्हा त्या पानांवर निळसर पांढऱ्या रंगाचे पापुद्रे दिसले.

ही बाग शातो द्युक्रु-बोकायू या मळ्याची होती. तिथले व्यवस्थापक अर्नेस्त दाविद यांच्याकडे चौकशी केल्यावर उलगडा झाला. रस्त्याने जाणारे-येणारे लोक द्राक्षे तोडून नेत. त्यांना भीती वाटावी म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना यांचे पाणी शिंपडण्याची या भागात जुनी पद्धत होती. निळ्या डागांची द्राक्षे विषारी दिसत आणि चोर त्यांना हात लावत नसे. चोरांना घाबरवण्यासाठी केलेल्या युक्तीने रोगालाही थोपवले होते. मात्र त्या दोन गोष्टींचा संबंध कोणी जोडला नव्हता.

योगायोगाने लागलेला शोध म्हणून ही हकिकत पाठ्यपुस्तकांत सांगितली जाते. त्यापुढची तीन वर्षे मात्र त्यात सहसा येत नाहीत. बेनेदिक्त प्रेव्हो या फ्रेंच अभ्यासकाने १८०७ मध्येच तांब्याच्या अंशाने गव्हाच्या काणी रोगाचे बीजाणू रुजत नाहीत, असे दाखवले होते. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. मिलार्दे यांनाही घरच्या प्रयोगशाळेत एक विचित्र अनुभव आलेला होता. केवड्याचे बीजाणू ते आपल्या विहिरीच्या पाण्यात टाकत, तेव्हा ते रुजत नसत. दुसऱ्या पाण्यात मात्र रुजत. विहिरीवरचा पंप तांब्याचा होता. तेवढ्याने पाण्यात उतरणारे तांबेही या बुरशीला पुरेसे होते.

आता धागा जुळला. केवड्याचा बीजाणू पानावरच्या पाण्याच्या थेंबात फुटतो. त्यातून पोहणारे सूक्ष्म कण बाहेर पडतात आणि पानाच्या छिद्रांतून आत शिरतात. त्याच थेंबात तांब्याचा अल्पसा अंश विरघळलेला असेल, तर ते कण तिथेच मरतात. यातून मिलार्दे यांनी काढलेला निष्कर्ष आजही प्रत्येक बागायतदाराने लक्षात ठेवावा असा आहे. बुरशी पानाच्या आत शिरल्यावर हे औषध काहीही करू शकत नाही. ते आधीच पानावर असावे लागते. म्हणजे हे औषध इलाजासाठी नसून प्रतिबंधासाठी आहे.

किती मोरचूद, किती चुना

१८८३ ते १८८५ या काळात मिलार्दे यांनी वेगवेगळी मिश्रणे करून पाहिली. नुसता चुना, नुसते मोरचूद, लोहाचे सल्फेट आणि चुना, अशी अनेक. नुसत्या मोरचुदाचे पाणी आम्लधर्मी असते, त्याने पान करपते. चुना घातला की आम्लता जाते आणि तांबे न विरघळणाऱ्या रूपात पानाला चिकटून बसते. दव आणि पाऊस यांच्या थेंबात ते अगदी हळूहळू सुटते. पानाला इजा नाही, बुरशीला मात्र मरण. म्हणूनच आपले शेतकरी मिश्रण तयार झाल्यावर त्यात विळा किंवा ब्लेड बुडवून पाहतात. लोखंडावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजावे आणि आणखी निवळी घालावी. ही घरगुती परीक्षा रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे.

रसायनाची बाजू सांभाळायला मिलार्दे यांना उलिस गायों हे सहकारी मिळाले. गायों हे लुई पाश्चर यांचे शिष्य आणि बोर्डो येथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. प्रयोगासाठी जागा मिळाली ती द्युक्रु-बोकायू आणि दोझाक या मळ्यांत. दोन्ही मळे नॅथॅनियल जॉन्स्टन यांच्या मालकीचे होते आणि दाविद दोन्हीकडची देखरेख करत. १८८५ मध्ये मिलार्दे यांनी आपली कृती प्रसिद्ध केली. १०० लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद आणि ३० लिटर पाण्यात १५ किलो कळीचा चुना, दोन्ही एकत्र करायचे. फवारणी पंप तेव्हा नव्हते. मजूर एका हातात बादली घेई आणि दुसऱ्या हातातल्या लहान झाडूने ते दाट निळे पाणी पानांवर शिंपडी.

आजच्या एक टक्का मिश्रणाशी ताडून पाहिले, तर ते किती तीव्र होते हे ध्यानात येते. त्या वर्षी शरद ऋतूत शिंपडलेल्या ओळी हिरव्यागार होत्या आणि शेजारच्या न शिंपडलेल्या ओळींवर पान उरले नव्हते. पाहायला दूरदूरचे बागायतदार आले.

श्रेयाचे वादही झाले. बर्गंडी भागात वेलींना आधार देणारे खांब कुजू नयेत म्हणून मोरचुदाच्या पाण्यात बुडवत. त्या खांबांजवळची पाने निरोगी राहतात, असे तिथल्या लोकांच्या ध्यानात आले होते. इटलीत नुसत्या चुन्याच्या निवळीचा पुरस्कार चालू होता. मिलार्दे यांनी आपल्या नोंदींच्या तारखा पुढे करून आपली बाजू मांडली. पुढे मिश्रणाला बोर्डोचे नाव कायमचे चिकटले. काही वर्षांतच ते अमेरिकेत पोहोचले. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या दुष्काळात लाखो लोकांचा बळी घेणाऱ्या बटाट्याच्या करप्यावरही ते लागू पडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी ते सुपारीच्या कोळे रोगावर वापरले. तिथून कोकण काही दूर नव्हते.

वाइनमध्ये विष उतरते का?

मोरचूद हे विष आहे, हे तेव्हाही सर्वांना माहीत होते. चोरांना त्याचीच तर भीती घातली जात होती. मग ते शिंपडलेल्या द्राक्षांची वाइन लोकांनी कशी प्यायची? हा प्रश्न बाहेरच्या कोणी उपस्थित करण्याची वाट न पाहता, १८८५ मध्येच मिलार्दे आणि गायों यांनी तपासणी केली. शिंपडलेल्या वेलींची पाने, काड्या, घडांचे देठ, सालपट, रस आणि तयार वाइन, असे सर्व वेगवेगळे घेऊन त्यात तांबे किती, हे मोजले. पिकावरील औषधाच्या उर्वरित अंशाची इतकी पद्धतशीर तपासणी त्या काळी दुर्मीळ होती.

निष्कर्ष दिलासा देणारा होता. बहुतेक तांबे पानांवर होते. रसात ते थोडे होते आणि वाइनमध्ये अगदी लेशमात्र. याचे कारण किण्वनात आहे. रस आंबताना यीस्टमुळे गंधकाची संयुगे तयार होतात. त्यांच्याशी तांब्याचा संयोग होऊन ते गाळाबरोबर तळाला बसते आणि वरची वाइन जवळपास तांबेमुक्त होते.

ताज्या द्राक्षांचे तसे नव्हते, कारण ती आंबवून खात नाहीत. १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या आरोग्य मंडळाने निळसर डाग असलेली द्राक्षे बाजारातून जप्त करून नष्ट केली, तेव्हा मोठी खळबळ उडाली. सरकारी शास्त्रज्ञांनी तपासणी करून विषबाधा होण्याइतके तांबे त्यात नसल्याचे सांगितले. भीती ओसरली, पण फळावरच्या औषधाची चिंता सार्वजनिक चर्चेत आली ती कायमचीच.

मिलार्दे १५ डिसेंबर १९०२ रोजी बोर्डो येथे वारले. त्यांचे वय ६४ होते. त्यांच्या खुंटांनी आणि मिश्रणाने, मुळाकडून आणि पानाकडून, युरोपचा द्राक्षव्यवसाय तगला होता.

पानावरचे तांबे गेले कुठे?

वाइनमध्ये तांबे नाही, पानांवर आहे, इथे मिलार्दे आणि गायों यांचा हिशेब थांबला. पण पाने गळतात. पाऊस पानावरचा थर धुऊन नेतो. फवारणीतील बराचसा भाग तर पानावर न पडता थेट जमिनीवरच पडतो. म्हणजे जे तांबे ग्लासात उतरले नाही, ते मातीत उतरले. सेंद्रिय औषधे सूर्यप्रकाशाने आणि जीवाणूंमुळे कधी ना कधी मोडतात. तांबे हे मूलद्रव्य आहे, ते मोडत नाही. मातीतील सेंद्रिय पदार्थांना ते घट्ट चिकटते आणि वरच्या थरातच साठते.

साधा हिशेब करून पाहता येतो. एक किलो मोरचुदात सुमारे २५० ग्रॅम तांबे असते. हेक्टरी १००० लिटर एक टक्का मिश्रण मारले, तर १० किलो मोरचूद, म्हणजे अडीच किलो तांबे शेतात गेले. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंटीमीटर थराचे वजन साधारण २० लाख किलो धरतात. म्हणजे एका फवारणीने मातीच्या प्रत्येक किलोत सव्वा मिलिग्रॅम तांब्याची भर पडते. आकडा लहान वाटतो. पण वर्षाला चार किलो तांबे या हिशेबाने पन्नास वर्षांत तो १०० मिलिग्रॅम होतो. युरोपियन संघातील जमिनींच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व जमिनींत तांब्याची सरासरी किलोमागे सुमारे १७ मिलिग्रॅम निघाली आणि द्राक्षबागांत सुमारे ४९. जुन्या आणि पावसाळी भागांतील काही बागांत ती कित्येक शे मिलिग्रॅमपर्यंत जाते.

याचा टोकाचा नमुना मध्य अमेरिकेतील कोस्टारिकात दिसला. तिथल्या केळीच्या बागांत सिगाटोका रोगावर १९३० च्या दशकापासून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बोर्डो मिश्रणाची वारंवार फवारणी झाली. फवारणारे मजूर नखशिखांत निळेहिरवे होत, म्हणून त्यांना पोपट म्हणत. पुढे त्या जमिनींवर भात आणि इतर पिके घेऊ लागल्यावर रोपे खुरटली. मुळांना तांबे झेपत नव्हते. अशा मातीत गांडुळेही तग धरत नाहीत आणि ती गेली की मातीचा कसही जातो.

गवत, मेंढी आणि यकृत

मातीतील तांबे मुळांवाटे गवताच्या पात्यात फारसे चढत नाही, ही निसर्गाची कृपाच. पण जनावर फक्त पाते खात नाही. ओळींमधल्या गवतावर फवारणीचे तुषार पडतात. चरताना गवताबरोबर मातीही पोटात जाते. छाटणीनंतरचा पाला चारा म्हणून टाकला, तर त्यावरचा थर थेट पोटात जातो.

याचा सर्वांत मोठा धोका मेंढीला आहे. जास्तीचे तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. मेंढीच्या यकृताला हे काम नीट जमत नाही. ते साठवत राहते. महिनोन्‌महिने जनावर धडधाकट दिसते. मग लांबचा प्रवास, उपासमार किंवा आजारपण असे काही निमित्त होते. यकृतातील तांबे एकदम रक्तात येते, तांबड्या पेशी फुटतात, लघवी काळपट लाल होते, डोळे पिवळे पडतात आणि मेंढी एक-दोन दिवसांत मरते. मालकाला वाटते काल काहीतरी खाण्यात आले. प्रत्यक्षात ते विष कित्येक महिन्यांपासून साठत होते. युरोपियन संघाने मेंढीच्या खाद्यात किलोमागे १५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त तांबे असू नये, असे ठरवले आहे. शेळीसाठी हीच मर्यादा ३५ आहे. शेजारी शेजारी चरणाऱ्या शेळ्यांना काही झाले नाही आणि मेंढ्या मेल्या, असे का होते, ते यावरून कळते.

माणसाच्या यकृताची गोष्टही फार वेगळी नाही. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे एक मिलिग्रॅम तांबे लागते. निरोगी यकृत जास्तीचे काढून टाकते. विल्सन या आनुवंशिक आजारात ते काढता येत नाही आणि यकृत व मेंदू दोन्हींवर परिणाम होतो. तान्ह्या बाळाचे यकृतही या कामाला पुरते तयार नसते. भारतात पूर्वी लहान मुलांना होणारा यकृताचा एक घातक आजार, इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस, तांब्या-पितळेच्या भांड्यांत ठेवलेल्या वरच्या दुधाशी निगडित असावा, असे पुण्याच्या बालरोगतज्ज्ञांनी ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर १९८० च्या दशकात दाखवून दिले. भांडी बदलली आणि हा आजार दिसेनासा होत गेला. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकते, हे आजीला ठाऊक होते. त्यामागे तांबेच होते.

फवारणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांचाही विचार व्हायला हवा. १९६९ मध्ये पोर्तुगालमधील डॉक्टरांनी वर्षानुवर्षे बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या द्राक्षमजुरांच्या फुप्फुसांत तांबे असलेल्या गाठी आणि व्रण आढळल्याची नोंद केली. वैद्यकात याला द्राक्षबागेतील फवारणी करणाऱ्याचे फुप्फुस अशा अर्थाचे नाव आहे. छायाचित्रात असे डाग क्षयरोगासारखे दिसू शकतात. जुना खोकला घेऊन आलेल्या रुग्णाला तो काय काम करतो, हे विचारलेच पाहिजे, याचा हा धडा आहे.

आता काय करावे

तांबे टाकून द्यावे, असा याचा अर्थ नाही. अनेक नव्या औषधांना बुरशी दाद देईनाशी होते. तांबे एकाच वेळी बुरशीच्या अनेक प्रथिनांवर घाव घालत असल्याने त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती सहज तयार होत नाही. सेंद्रिय शेतीतही त्याला परवानगी आहे, कारण तिथे दुसरे फारसे हत्यार नाही. म्हणून युरोपियन संघाने बंदीऐवजी मर्यादा घातली. २०१९ पासून तिथे सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी चार किलो तांबे वापरता येते. वरच्या हिशेबाने एक टक्का मिश्रणाच्या हजार लिटरच्या दोन फवारण्यांतच ती सरासरी ओलांडली जाते.

आपल्याकडच्या निर्यातीच्या द्राक्षांची उर्वरित अंशासाठी कसून तपासणी होते. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची प्रयोगशाळा आहे. मिलार्दे आणि गायों यांनी वाइनबाबत जे केले, त्याचेच हे पुढचे रूप. पण ही तपासणी घडाची आहे. मातीसाठी शेतकऱ्याच्या हातात मृदा आरोग्य पत्रिका असते. तिच्यातील बारा बाबींत तांब्याचाही आकडा असतो. तो कमतरता आहे का, हे पाहण्यासाठी दिलेला असतो. जुन्या बागेच्या मालकाने मात्र तो आकडा वर्षागणिक वाढतो आहे का, हेही पाहावे आणि वाढत असेल तर कृषी अधिकाऱ्याशी बोलावे. महाराष्ट्रातील बऱ्याच काळ्या जमिनी चुनखडीयुक्त असल्याने त्यांत तांबे घट्ट धरून ठेवले जाते. कोकण आणि गोव्यातील आम्लधर्मी जांभ्या मातीत ते जास्त मोकळे राहते. तिथे अधिक जपावे लागेल.

बाकीची काळजी घरच्या घरी घेता येण्यासारखी आहे. फवारणी गरजेपुरती आणि पानावरच पडेल अशी करावी. फवारलेल्या बागेत मेंढ्या सोडू नयेत, तिथला पाला-गवत त्यांना घालू नये. मिश्रण हाताने ढवळू नये. फवारताना नाक-तोंड झाकणारा चांगला मास्क, चष्मा आणि हातमोजे घालावेत. खाण्यापूर्वी द्राक्षे वाहत्या पाण्याखाली धुवावीत. मोरचुदाचे निळे खडे मुलांना खडीसाखरेसारखे वाटतात, ते स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या हाताला लागेल असे कधीही ठेवू नयेत. पोटात गेल्यास उलट्या, तांबड्या पेशी फुटणे, कावीळ आणि मूत्रपिंड निकामी होणे, असा क्रम फार वेगाने घडतो. घरगुती उपाय करत न बसता, उलटी करवण्याचा प्रयत्न न करता, रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे आणि खड्यांची पुडी किंवा डबा बरोबर न्यावा.